पल्लादियोच्या दारात जाताना : शंका-समाधान

उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात सोळाव्या शतकातल्या आन्द्रेआ पल्लादियोनं बांधलेल्या व्हिल्ला आणि चर्च पाहायला जावं, आणि जमल्यास वास्तुकला जाणणारा खाजगी गाईड घ्यावा, असं या सदरात सुचवल्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून देतो. प्रश्न आटोपशीर केले आहेत. उत्तरं आटोपशीर ठेवायचा प्रयत्न सगळीकडे जमलेला नाही.

आम्ही चौघी मैत्रिणी सप्टेंबरात व्हेनिसला जातोय. दोन दिवस विचेन्झासाठी काढायचं ठरवलं आहे. एकीचं म्हणणं, खाजगी गाईड घ्यावा. बाकीच्या म्हणतात, ऑडिओ गाईड कानात घातला की काम भागतं. खरंच फरक पडतो का?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

पडतो, पण माणूस नीट निवडला तरच. उदाहरण देतो. विचेन्झा शहराच्या मुख्य चौकात ‘बासिलिका’ आहे. नाव बासिलिका असलं तरी ते चर्च नव्हे. वर शहराचं जुनं सभागृह आणि खाली दुकानं, अशी ती इमारत. तिच्याभोवतीच्या कमानींच्या ओवऱ्यांचा काही भाग १४९६ मध्ये कोसळला. पुढची पन्नासेक वर्षं शहराचे कारभारी सान्सोव्हिनो, सेर्लियो, जूलियो रोमानो अशा नामवंत वास्तुकारांना बोलावून सल्ले घेत राहिले. अखेर १५४९ मध्ये काम मिळालं ते गावातल्याच, पाथरवटाची छिन्नी चालवून वर आलेल्या चाळिशीच्या पल्लादियोला. अडचण अशी की आतल्या जुन्या इमारतीचे गाळे सारख्या रुंदीचे नव्हते. बाहेर एकसारख्या कमानी लावाव्यात तर खांब आतल्या बांधकामाशी जुळेनात. पल्लादियोनं प्रत्येक कमानीच्या दोन्ही अंगांना एकेक उभी चौकोनी फट ठेवली. कमान सगळीकडे तेवढीच; फट मात्र कुठे रुंद, कुठे अरुंद, आणि कोपऱ्यातल्या गाळ्यात अगदीच चिंचोळी. सगळा हिशेब त्या फटीनं गिळला. चौकात कॉफी पीत बसलेल्याला सगळं एकसारखंच दिसतं. कुणीतरी एकदा बोट दाखवलं की मात्र त्या फटींवरून नजर हटत नाही. ऑडिओ गाईड तुम्हांला १५४९ हे साल सांगेल, ‘बाई, जरा त्या कोपऱ्याकडे बघा’ असं म्हणणार नाही.

पैशांचं म्हणाल, तर खाजगी गाईडचं मानधन सहसा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचं आणि अख्ख्या गटाचं मिळून ठरतं. तुम्ही चौघी आहात, तेव्हा वाटून घ्या. तिकिटं आणि गाडी त्यात धरलेली नसते. गाईड आपल्या गाडीतून फिरवील असंही समजू नका. प्रवासी वाहतुकीचा परवाना वेगळा असतो, म्हणून चालकासह गाडी वेगळी सांगावी लागते. गाईडचं काम इटलीत परवान्याचं आहे, तेव्हा परवाना आहे का हे बेलाशक विचारा.

आणि ठरवण्याआधी ईमेलमधून एखादा खरा प्रश्न विचारा. मी सुचवतो तो असा: ला रोतोंदा या व्हिल्लाचा घुमट पल्लादियोच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे का नाही? जाणकार माणूस उत्साहानं लिहील की १५७० च्या त्याच्या ग्रंथात उंच, अर्धगोल घुमट काढलेला आहे. पण १५८० मध्ये तो वारला, काम व्हिन्चेन्झो स्कामोत्झीनं पुरं केलं आणि घुमट बसका, रोमच्या पॅन्थिऑनकडे झुकणारा झाला. उत्तरादाखल नुसतं दरपत्रक आलं तर दुसरा गाईड शोधा. रोतोंदाशेजारच्या व्हिल्ला वाल्मारानाच्या भिंतीवर बुटक्यांचे पुतळे आहेत. त्यांच्यामागची राजकन्येची दंतकथा अर्धा तास रंगवून सांगणारे गाईडही तिथं भेटतात. आत चित्रकार तिएपोलो बापलेकांनी १७५७ मध्ये रंगवलेल्या खोल्या वाट पाहत असताना तो अर्धा तास कथेवर घालवणं मला तरी परवडत नाही.

एका दिवसात रोतोंदा, वाल्माराना, मासेर, मालकोन्तेन्ता आणि स्त्रा इथला व्हिल्ला पिसानी असा कार्यक्रम आखला आहे. गाडी सोबत आहे. जमेल ना?
— एक वाचक, ठाणे

गाडीला जमेल, तुम्हांला जमणार नाही. विचेन्झा, मासेर आणि ब्रेन्ता नदीचा काठ ही तीन टोकं आहेत. शिवाय प्रत्येक व्हिल्लाचे उघडण्याचे वार आणि वेळा वेगळ्या. रोतोंदा आजही एका घराण्याच्या मालकीची आहे (वाल्माराना कुटुंबानं ती १९१२ मध्ये घेतली) आणि आतला भाग ठरावीक दिवशीच उघडतात. मालकोन्तेन्ताचंही तसंच. हिवाळ्यात बऱ्याच व्हिल्ला बंद असतात. म्हणून आधी व्हिल्लांचे वार बघा आणि मग विमानाची तिकिटं काढा. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ.

पहिला दिवस पूर्ण विचेन्झाला द्या आणि गाडी हॉटेलवरच ठेवा. तसंही जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत. तिथं कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी घरी येते. सकाळी आधी पल्लादियो संग्रहालय. ते त्यानंच बांधलेल्या पालात्झो बार्बारान दा पोर्तोमध्ये आहे आणि तिथं इमारतींच्या लाकडी प्रतिकृती बघायला मिळतात. प्रतिकृती आधी पाहिली की नंतर प्रत्यक्ष इमारतीत वाट सापडते. मग बासिलिका, मग तेआत्रो ऑलिंपिको. हे छपराखालचं नाट्यगृह पल्लादियोनं १५८० मध्ये सुरू केलं आणि काही महिन्यांतच तो गेला. रंगमंचामागचे थेब्ज नगरीचे सात रस्ते स्कामोत्झीनं लाकूड आणि गिलाव्यात उभे केले. जमीन चढत जाते, घरं लहान होत जातात. काही हातांच्या खोलीत अख्खी गल्ली दिसते. नट त्या गल्लीत मागे चालत गेला तर घराच्या गच्चीएवढा दिसेल, म्हणून नटानं तिकडे जायचं नाही! १५८५ च्या मार्चमध्ये इथं ‘ईडिपस’चा प्रयोग झाला आणि ते रस्ते त्यानंतर कुणी काढलेच नाहीत.

दुपारनंतर मोन्ते बेरिकोच्या टेकडीवर जा. मठाच्या भोजनगृहात वेरोनेझेचं मोठं चित्र आहे; १८४८ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या, ती नंतर जोडली. तिथून पायवाटेनं उतरत वाल्माराना आणि पुढे रोतोंदा. उतरत्या उन्हात रोतोंदाला पोचणं केव्हाही चांगलं. तिचे चार कोपरे चार मुख्य दिशांकडे वळवलेले आहेत, म्हणजे चारही दर्शनी बाजूंना दिवसातून केव्हा ना केव्हा ऊन मिळतं. त्या वेळी कुठली बाजू उजळली आहे ते चालत फिरून पाहा.

दुसरा दिवस मासेरला. मालकोन्तेन्ता व्हेनिसपासून जवळ आहे, ती व्हेनिसच्या मुक्कामात बसवा. राहता राहिला स्त्राचा पिसानी. तो प्रचंड आहे, देखणा आहे, १९३४ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांची पहिली बैठक झाली ती तिथंच; पण तो अठराव्या शतकातला, पल्लादियोचा नव्हे. पल्लादियोनं पिसानी घराण्यासाठी बांधलेल्या व्हिल्ला बान्योलो आणि मोन्तान्याना इथं आहेत. नकाशात नाव टाकून चुकीच्या ठिकाणी पोचणारे तिथं कमी नाहीत.

फोटोत सगळीकडे संगमरवरी खांब दिसतात. मी बांधकाम कंत्राटदार आहे. एवढा संगमरवर शेतातल्या घरांसाठी आणला कुठून आणि परवडला कसा?
— एक वाचक, कोल्हापूर

आणलाच नाही! तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल: ते खांब बहुतेक विटांचे आहेत. भट्टीतच पाकळीसारख्या आकारात भाजलेल्या विटा गोलाकार रचायच्या, आणि वरून चुन्यात संगमरवराची भुकटी घातलेला बारीक गिलावा घोटून घ्यायचा. त्याला तिकडे मार्मोरिनो म्हणतात. घोटाई नीट झाली की त्याला दगडाची झाक येते. खरा दगड फक्त जिथं धार टिकायला हवी तिथं: खांबांच्या बैठकी, शीर्षं, चौकटी, पायऱ्या. तोही बहुतेकदा विचेन्झाजवळच्या बेरिची टेकड्यांतला, खाणीतून काढल्यावर मऊ असणारा आणि हवेत हळूहळू कडक होणारा. मालकोन्तेन्ताच्या भिंतीवर दगडी चिरे दिसतात, तेही गिलाव्यावर ओढलेल्या रेघा आहेत. विचेन्झातल्या पालात्झो त्येनेच्या तळमजल्यावरचे राकट, ओबडधोबड ‘दगड’ जवळ जाऊन पाहा. जिथं पोपडा निघाला आहे तिथं आतून वीट डोकावते.

पल्लादियोचं मोठेपण मला सगळ्यात जास्त इथं दिसतं. त्याचे ग्राहक श्रीमंत असले तरी हात राखून खर्च करणारे होते. त्यांना रोमन सम्राटाचा थाट हवा होता, पण शेतकऱ्याच्या दरात. त्यानं तो वीट-चुन्यात दिला. रोममधले अवशेष त्यानं स्वतः मोजले होते, म्हणून थाट दगडात नसून मापात आणि सावलीत असतो हे त्याला ठाऊक होतं. आणि वीट लपवण्याचा त्याला सोस होता असंही नाही. व्हेनिसमधल्या कारिता मठात, म्हणजे आजच्या आकादेमिया कलादालनाच्या आवारात, त्यानं विटांचे खांब आणि भिंती तांबड्या, उघड्या ठेवल्या आहेत. गाईडला तो चौक आवर्जून दाखवायला सांगा. तुमच्या गवंड्यांना त्याचे सांधे दाखवलेत तर तेही खूश होतील.

व्हेनिसच्या पाण्यावरच्या चर्चच्या दर्शनी भागांचं मात्र वेगळं. तिथं खारी हवा गिलावा टिकू देत नाही, म्हणून समुद्रापलीकडून इस्त्रियाचा पांढरा, घट्ट चुनखडीचा दगड आणला.

व्हेनिसचे लोक दर्यावर्दी व्यापारी. त्यांनी अचानक शेतात महाल का बांधले? आणि ज्यांनी ती शेतं कसली ते लोक या सगळ्यात कुठे आहेत?
— एक वाचक, डोंबिवली

दुसरा प्रश्न गाईडलाही विचारा. बरेच जण गडबडतात.

पहिल्याच्या उत्तरात आपला पश्चिम किनारा येतो. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि मिरीच्या व्यापारावरचा व्हेनिसचा मक्ता डळमळला. पण सगळं खापर वास्कोवर फोडण्याची पद्धत मला पटत नाही. लाल समुद्रामार्गे येणारी मिरी शतकाच्या मध्यास पुन्हा व्हेनिसला पोचू लागली होती. तुर्कांशी लढाया होत्याच. १५०९ मध्ये आन्यादेल्लोच्या लढाईत व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा ताबा जवळजवळ सुटला. तो परत मिळाल्यावर ती जमीन घट्ट धरून ठेवायची गरज सगळ्यांना कळली. शिवाय शहराची लोकसंख्या वाढत होती, धान्य महागत होतं. म्हणजे समुद्रात पैसा घालणं जोखमीचं आणि गव्हात घालणं फायद्याचं, असा साधा हिशेब. १५५६ मध्ये सरकारनं पडीक जमिनींसाठी स्वतंत्र खातंच काढलं. दलदली उपसल्या, कालवे काढले, आणि त्या जमिनीवर देखरेख करायला मालकाला राहण्याजोगं घर हवं झालं.

पल्लादियोची व्हिल्ला म्हणजे ते घर. मधे मालकाचा भाग, दोन्ही बाजूंना लांबच लांब ओवऱ्यांचे पंख. त्या पंखांना बार्केस्सा म्हणतात. त्यांत अवजारं, गाड्या, बैल, दाणागोटा. मालक पावसात न भिजता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारू शकतो, हे पल्लादियोनं आपल्या ग्रंथात मुद्दाम नोंदलं आहे. बऱ्याच ठिकाणी धान्याची कोठारं घराच्या माळ्यावर, स्वयंपाकघर आणि तळघर खाली. देवळासारखी त्रिकोणी कपाळपट्टी घराला लावायची पद्धतही त्यानंच रूढ केली. प्राचीन लोकांची देवळं घरांवरूनच सुचली असावीत, म्हणजे आधी घरांनाच अशी कपाळपट्टी असणार, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकीचा होता, पण त्या चुकीवर पुढे लंडनपासून व्हर्जिनियापर्यंत हजारो घरं उभी राहिली.

मासेरला हे सगळं एकत्र दिसतं. दानिएले आणि मार्कान्तोनियो बार्बारो या भावांसाठी बांधलेलं हे घर. दानिएलेनं रोमन वास्तुकार वित्रुव्हियसच्या ग्रंथाचं भाषांतर १५५६ मध्ये छापलं, त्यातली चित्रं पल्लादियोची. म्हणजे इथं ग्राहकही अभ्यासू होता, ही वास्तुविशारदाच्या नशिबी क्वचित येणारी गोष्ट. आत वेरोनेझेनं रंगवलेल्या भिंती: खोटे खांब, खोटी निसर्गदृश्यं, खोटं दार उघडून आत डोकावणारी मुलगी. बुटांवर कापडी सपाता चढवून त्या घोटीव फरशीवर चालायचं असतं. अजूनही खाजगी मालमत्ता आहे आणि भोवती द्राक्षमळे आहेत. तिथलीच वाईन तिथं विकतात. शेती सुटलेली नाही.

राहिले कसणारे. भव्य दालनांत ते तुम्हांला दिसणार नाहीत. व्हिल्ला वाल्मारानाच्या पाहुणेघरात मात्र थांबा. मोठ्या घरात बाप तिएपोलोनं होमर आणि व्हर्जिलच्या वीरांना रंगवलं. पाहुणेघरात मुलगा जान्दोमेनिकोनं जेवायला बसलेली, रस्त्यानं चाललेली, पाठमोरी शेतकरी माणसं रंगवली. मला बापापेक्षा मुलाच्या खोल्या जास्त आवडतात. हे मत तिकडच्या बहुतेक गाईडना रुचत नाही, हेही सांगून ठेवतो.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पल्लादियोच्या प्रमाणांबद्दल वर्गात इतकं ऐकलं की भीती वाटते. प्रत्यक्ष जागेवर ते कसं तपासायचं? आणि त्या भागात आधुनिक काही बघण्यासारखं आहे का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

भिऊ नकोस, पावलांनी मोज. मालकोन्तेन्ताला जा. पल्लादियोच्या ग्रंथातल्या आराखड्यात तिच्या तीन प्रकारच्या खोल्यांची मापं विचेन्झाच्या फुटांत दिली आहेत: १२ बाय १६, १६ बाय १६, १६ बाय २४. हा फूट साधारण ३५.७ सेंटिमीटरचा, आपल्या इंग्रजी फुटापेक्षा मोठा. म्हणजे प्रमाणं ३:४, १:१, २:३. मधल्या क्रुसाकृती दालनाची रुंदी ३२, म्हणजे चौरस खोलीच्या दुप्पट. लहान खोलीतून चौरस खोलीत आणि तिथून लांबट खोलीत जाताना १६ हे एकच माप सोबत चालत राहतं आणि दुसरं माप वाढत जातं. हे कागदावर कळतं. अंगाला कळायचं तर तीनही खोल्यांतून न बोलता दोनदा चाल, गाईडलाही पाच मिनिटं गप्प राहायला सांग. सपाट छताच्या खोलीची उंची रुंदीइतकी ठेवावी, हा त्याचा नियमही सोबत आठव.

एक सावधगिरी. ग्रंथ १५७० चा आहे, आणि आपल्या जुन्या इमारती त्यात छापताना पल्लादियोनं त्या हव्या तशा सरळ करून घेतल्या. प्रत्यक्षातली मापं सगळीकडे जुळत नाहीत. न जुळणारी जागा सापडली की तिथं चित्र काढ. गाईडबरोबरचा सगळ्यात चांगला वाद तिथंच होतो.

आधुनिक म्हणशील तर मासेरपासून जवळच, सान व्हितो दाल्तिव्होले इथं कार्लो स्कार्पानं बांधलेलं ब्रिओन कुटुंबाचं समाधिस्थळ आहे. १९६८ ते १९७८ या काळातलं, काँक्रीटचं, पाण्याचं. हल्ली ‘ड्यून’च्या दुसऱ्या चित्रपटामुळे तिथं गर्दी वाढली आहे. पोसान्योला, कानोव्हाच्या प्लास्टर शिल्पांच्या संग्रहालयाला स्कार्पानंच जोडलेला भागही पाहा: कोपऱ्यातून आत येणारा उजेड कसा पकडावा, त्याचा धडा आहे तो. एक दिवस पल्लादियो आणि दुसरा स्कार्पा असं करू नकोस. एकाच दिवशी दोघांना पाहा.

चर्चमध्ये गेल्यावर नेमकं बघायचं काय हेच कळत नाही. सगळीकडे सोनं आणि चित्रं. शिवाय कपडे, वेळा यांचे नियम काय?
— एक दांपत्य, सोलापूर

नियम आधी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस, साडी, फुलपँट सगळं चालतं. प्रार्थना चालू असताना फिरायचं नाही. रविवार सकाळ टाळा. दुपारी बरीच चर्च दोन-तीन तास बंद असतात. अंधाऱ्या चित्रांसमोर नाणं टाकून दिवा लावायची पेटी असते, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा.

आता बघायचं काय. तुमच्या तक्रारीवर औषध म्हणजे पल्लादियोचं रेदेन्तोरे. सोनं नाही, आत जवळजवळ सगळं पांढरं. व्हेनिसमध्ये १५७५ ते १५७७ च्या प्लेगनं सुमारे पन्नास हजार माणसं नेली, शहराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. १५७६ मध्ये सिनेटनं नवस केला, १५७७ मध्ये पायाभरणी झाली, १५९२ मध्ये चर्च पुरं झालं. नवसाप्रमाणे राज्यप्रमुख डोजे आणि सिनेट दरवर्षी मिरवणुकीनं येत. आजही जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास ज्युदेक्का कालव्यावर तात्पुरता पूल बांधतात आणि लोक चालत या दारात येतात.

पाण्यापलीकडून दर्शनी भाग नीट पाहा. ख्रिस्ती चर्चचा मधला भाग उंच आणि बाजू बुटक्या. रोमन देवळाचा दर्शनी भाग एकसंध. हे दोन्ही एकमेकांवर बसायचं कसं, यावर इटलीतले वास्तुकार शंभरेक वर्षं डोकं फोडत होते. पल्लादियोनं एक उंच देऊळ पुढे उभं केलं आणि त्याच्या मागून एका बुटक्या, रुंद देवळाचे फक्त दोन खांदे बाहेर काढले. बाजूंना अर्धे तुटलेले त्रिकोण दिसतात ते हेच खांदे. सान जॉर्जो माज्जोरेलाही हाच डाव आहे, पण तिथला दर्शनी भाग त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी पुरा झाला आणि काहीसा अवघडलेला वाटतो. रेदेन्तोरेला तो बिनचूक बसला.

आत शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका. दारातून सगळं एक सलग दालन वाटतं. चालत घुमटाखाली आलात की दोन्ही बाजूंना अचानक अर्धगोल जागा उघडतात, आणि वेदीच्या मागे खांबांची एक वळलेली रांग दिसते. तिच्या पलीकडून कापुचिन साधूंच्या गायनकक्षाचा उजेड येतो. मिरवणूक, सोहळा, साधू, तिघांना तीन वेगळ्या जागा, आणि तरी चर्च एक. नुसतं चालून हे समजतं.

सान जॉर्जोत गेलात तर मठातलं भोजनगृहही पाहता येतं का ते आधी विचारून ठेवा. वेरोनेझेचं ‘कानाचा विवाह’ याच भिंतीसाठी १५६३ मध्ये झालं. नेपोलियनच्या फौजेनं १७९७ मध्ये ते पॅरिसला नेलं, अजून ते लूव्रमध्येच आहे. २००७ पासून मूळ जागी त्याची हुबेहूब प्रत लावली आहे. खरं सांगायचं तर लूव्रमधल्या गर्दीपेक्षा या प्रतीसमोर चित्र जास्त समजतं, कारण पल्लादियोच्या खिडक्यांचा उजेड चित्रातल्या उजेडाला जुळतो.

आमच्याकडे जुन्या गोव्यात इतकी चर्च असताना इटलीला कशाला जायचं? घरातल्या मुलांनी हे विचारलं, मला उत्तर सुचलं नाही.
— एक वाचक, मडगाव

मुलांना घेऊन आधी जुन्या गोव्यातच जा, आणि सेंट कॅजेटन चर्चसमोर उभे राहा. हा सेंट कॅजेटन म्हणजे गाएतानो, विचेन्झाच्या त्येने या सरदार घराण्यात १४८० मध्ये जन्मलेला. वर ज्या पालात्झो त्येनेच्या विटांबद्दल लिहिलं, ते याच घराण्याचं. त्यानं १५२४ मध्ये स्थापन केलेल्या थिएटाइन पंथाचे इटालियन साधू सतराव्या शतकात गोव्यात आले आणि त्यांनी हे चर्च रोमच्या सेंट पीटर्सचा कित्ता समोर ठेवून बांधलं: उंच कॉरिंथियन खांब, मध्यभागी घुमट, क्रुसाचा आराखडा. आत जांभा, वर चुन्याचा गिलावा. कोल्हापूरच्या वाचकांना दिलेलं उत्तर इथंही लागू पडतं. शेजारी बॉम जेझूस चर्चचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला उतरवला, म्हणून तिथं जांभा उघडा दिसतो. गिलावा असता तर कसं दिसलं असतं याची कल्पना मुलांना करू द्या. आत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं घडवलेला, तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट, १६९८ मध्ये बसवलेला.

हे पाहून मुलांना पुढे जावंसं वाटलं तर विचेन्झा. नाही वाटलं तर पैसे वाचले.

शाकाहारी माणसाचं तिकडे कसं होईल?
— एक वाचक, सांगली

विचेन्झाची ख्यातीच सुक्या माशाच्या ‘बाकाला’ची, तेव्हा ती सोडा. मक्याची पोलेन्ता, त्रेव्हीझोच्या रादिक्कियोचा रिसोत्तो, वसंतात बास्सानोच्या पांढऱ्या शतावरीचे कोंब, मशरूम, पिझ्झा, यावर आठवडा निघतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. रिसोत्तोत मांसाचा रस्सा आणि डाळीच्या सुपात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हे वेगळं विचारा. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनतं, हेही ध्यानात ठेवा. गाईडला आदल्या दिवशी कळवलं तर तोच खानावळीत फोन करतो.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. तिला न्यावं का?
— एक वाचक, सातारा

न्या, पण व्हिल्ला निवडून. पल्लादियो राहण्याचा मजला उंच जोत्यावर ठेवतो, त्यामुळे रोतोंदा आणि मालकोन्तेन्ता दोन्हीकडे चढायला भरपूर पायऱ्या आहेत आणि त्यांना पर्याय विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. फान्झोलोचा व्हिल्ला एमो त्यांच्यासाठी बरा: दारापर्यंत पायऱ्यांऐवजी लांब, सौम्य चढाचा रस्ता आहे, आत झेलोत्तीनं रंगवलेल्या खोल्या आहेत आणि मासेरहून तो फार लांब नाही. विचेन्झात मोन्ते बेरिकोपर्यंत टॅक्सीनं जा, उतरायची पायवाट त्यांच्यासाठी टाळा. व्हेनिसमध्ये सान जॉर्जोचा वॅपोरेत्तो (जलबस) थांबा चर्चच्या दारातच आहे, आणि घंटाघरावर लिफ्ट जाते. गाईडशी बोलताना आईच्या गुडघ्यांचा उल्लेख पहिल्याच पत्रात करा, म्हणजे तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम बसण्याच्या जागा धरून आखील.